मार्कर नॉर्मल आले, म्हणजे मेंदूतली गाठ साधीच ना?

प्रश्न सांगलीहून आलाय, थोडक्यात असा: "भाचा १७ वर्षांचा. दोन महिन्यांपासून डोकं दुखतं, सकाळी उलट्या होतात, हल्ली एकाचे दोन दिसतात. एमआरआयमध्ये पिनियलच्या जागी ३ सेंटिमीटरची गाठ आणि डोक्यात पाणी साचलंय असं आलं. सर्जननी एएफपी आणि बीटा एचसीजी या रक्ताच्या तपासण्या करायला सांगितल्या, दोन्ही नॉर्मल. लॅबवाले म्हणाले, करताच आहात तर पूर्ण पॅकेज करा, म्हणून बाकीचे मार्करही केले. त्यात सीए १९-९ हा ४६ आलाय, नॉर्मल ३७ पर्यंत. सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून ऑपरेशन करून तुकडा काढू. मुख्य मार्कर नॉर्मल, म्हणजे गाठ कॅन्सरची नाही. मग डोक्याला हात कशाला लावायचा? आणि हा सीए १९-९ कुठून आला? सगळ्या अंगाचा पेट स्कॅन करून घ्यावा का?"

आधी डोक्यातल्या पाण्याचं बघा, मार्करचं, म्हणजे काही गाठी रक्तात सोडतात त्या पदार्थांचं, नंतर. पिनियल ग्रंथी मेंदूच्या मधोमध, जरा मागच्या अंगाला असते आणि तिच्या खालूनच मेंदूतलं पाणी खाली उतरायची अरुंद वाट जाते. गाठ त्या वाटेवर दाबली की वरच्या पोकळ्यांत पाणी तुंबतं. पहाटे डोकं ठणकणं, उलटी झाल्यावर थोडा वेळ बरं वाटणं, हे सगळं त्या तुंबलेल्या पाण्याचं. भाच्याला हनुवटी न उचलता नुसत्या डोळ्यांनी छताकडे बघायला सांगा. बहुतेक जमणार नाही, कारण डोळे वर नेणारी केंद्रं गाठीला लागूनच असतात. हे दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका, पण तो दिवसा पेंगायला लागला, हाकेला उशिरा ओ देऊ लागला, तर कुठल्याही रिपोर्टसाठी थांबू नका. रात्री दोन वाजले असले तरी न्यूरोसर्जन हजर असलेलं हॉस्पिटल गाठा. साधी गाठसुद्धा पाणी तुंबवून जीव घेऊ शकते. मेंदूत 'साधी' या शब्दावर मी घरच्यांना फार विसंबू देत नाही ते याचसाठी.

आता मार्कर. तुमच्या प्रश्नातला मुख्य घोटाळा असा की तुम्ही रक्ताच्या नॉर्मल रिपोर्टला निर्दोष सुटल्याचा दाखला समजताय. या जागेच्या गाठींत एएफपी आणि एचसीजी वाढलेले आले, तर त्यावर बऱ्यापैकी ठाम निदान करता येतं. नॉर्मल आले, तर काही गोष्टी मागे पडतात, सगळ्या नाहीत. पुढचं सगळं या फरकावर चालतं.

गर्भ वाढत असताना प्रजननपेशी मूळ जागेवरून सरकत सरकत अंडाशयाकडे किंवा वृषणाकडे जातात. काही वाटेत भरकटतात आणि शरीराच्या मध्यरेषेवर कुठेतरी राहून जातात. मेंदूत त्यांच्या ठरलेल्या दोन जागा: पिनियल आणि पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या हॉर्मोनच्या ग्रंथीच्या) वरचा भाग. पुढे कधीतरी, बहुतेक वयात येण्याच्या सुमारास, त्यांच्यापासून गाठ होते. यांना जर्म सेल ट्यूमर म्हणतात. पिनियलमधले मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त, आणि जपान व पूर्व आशियात युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त दिसतात. १७ वर्षांच्या मुलाच्या पिनियलमध्ये गाठ म्हटल्यावर कुठल्याही न्यूरोसर्जनच्या डोक्यात पहिलं नाव हेच येतं. म्हणून तुमच्या सर्जननी नेमक्या त्या दोनच तपासण्या सांगितल्या. त्यांनी बरोबर केलं.

या गाठींच्या घराण्यात सगळे एका स्वभावाचे नाहीत. योक सॅक ट्यूमर एएफपी सोडतो. कोरिओकार्सिनोमा एचसीजी सोडतो, तोही हजारोंनी, आणि हात लावला तर भळाभळा रक्त येतं. मॅच्युअर टेराटोमा ही खरी साधी गाठ. कापली तर आत चरबी, कूर्चा, कधी केसही निघतात, आणि तिचे मार्कर नॉर्मल असतात. आणि सगळ्यांत जास्त आढळणारा जर्मिनोमा. तो कॅन्सर आहे, तरी त्याचा एएफपी नॉर्मलच असतो आणि एचसीजी एकतर नॉर्मल किंवा थोडासा वाढलेला. म्हणजे भाच्याच्या रिपोर्टवर टेराटोमाही बसतो आणि जर्मिनोमाही बसतो. शिवाय पिनियल ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींपासून होणाऱ्या गाठी वेगळ्या. त्यांतला पिनियोसायटोमा सौम्य, पिनियोब्लास्टोमा अतिशय आक्रमक. दोघांचेही रक्तातले मार्कर नॉर्मल. तुमच्या नॉर्मल रिपोर्टनं एवढं केलं की योक सॅक आणि कोरिओकार्सिनोमा हे दोघं बरेच मागे ढकलले गेले. ती चांगली बातमी आहेच. पण साधी की कॅन्सरची, हा प्रश्न होता तिथेच आहे.

जर्मिनोमा निघाला तरी धीर सोडू नका. तो रेडिएशनला विरघळतो म्हणावं इतका चांगला प्रतिसाद देतो आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं दीर्घकाळ बरी राहतात. उलट त्याला साधी गाठ समजून 'बघू सहा महिन्यांनी' म्हणत बसलात, तर तो पाण्यातून मणक्यापर्यंत पसरू शकतो.

मार्कर वाढलेले आले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. युरोपातल्या उपचारपद्धतीत एएफपी २५ नॅनोग्रॅमच्या वर किंवा एचसीजी ५० युनिटच्या वर गेला, मग तो रक्तात असो वा मेंदूच्या पाण्यात, तर तुकडा न काढता केमोथेरपी सुरू करतात. अमेरिकेतले आकडे थोडे वेगळे आहेत, तत्त्व तेच. डोक्यातल्या गाठीवर बायोप्सीशिवाय केमो सुरू करायची मुभा सर्जनला फार थोड्या ठिकाणी मिळते, त्यातली ही एक. त्यामुळे या दोन तपासण्यांवर मी फार जीव टाकतो आणि पॅकेजमधल्या बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल. याला 'डोक्याला हात लावणं' म्हणून घाबरताय, पण यात तीन कामं एका खेपेत होतात. कपाळाच्या वर, केसांच्या आत, छोटं भोक पाडून दुर्बीण पाण्याच्या पोकळीत नेतात. तिसऱ्या पोकळीचा तळ पातळ पडद्यासारखा असतो. त्याला छिद्र पाडून तुंबलेल्या पाण्याला नवी वाट देतात. म्हणजे बहुतेक वेळा पाणी पोटात उतरवणारी शंटची नळी टळते. तिथलंच थोडं पाणी मार्करसाठी आणि पेशी बघण्यासाठी पाठवतात. आणि गाठ पोकळीत डोकावत असेल तर तिचा तुकडा घेतात. यातलं पाणी पाठवणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण काही जर्मिनोमात रक्तातला एचसीजी अगदी नॉर्मल असतो आणि मेंदूच्या पाण्यातला मात्र वाढलेला. सर्जनना आधीच विचारून ठेवा: पाण्यातून एएफपी आणि एचसीजी जाणार ना? एवढं ऑपरेशन होतं आणि घाईत पाण्याची ट्यूब फक्त शुगर-प्रोटीनला जाते, हे मी पाहिलंय. ते पाणी परत मिळत नाही.

हेच पाणी पाठीच्या मणक्यातून सुई घालून काढता येईल का, असं बरेच जण विचारतात. वरची वाट बंद असताना खालून पाणी काढलं तर वरचा दाब मेंदूला खाली ढकलतो. पाणी तुंबलेलं असताना कुणी ते सुचवलं तर नाही म्हणा. वाट मोकळी झाल्यावर, पसरलंय का हे बघायला, पुढे काढतात ते वेगळं.

पेट स्कॅनचं उत्तर सरळ आहे: आत्ता नको. मेंदू स्वतःच साखर भसाभसा जाळतो, त्यामुळे साखर टोचून करतात त्या नेहमीच्या पेटमध्ये सगळा मेंदू उजळलेला दिसतो. त्यातून पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमासारख्या काही साध्या गाठीही पेटमध्ये चांगल्या चमकतात आणि घरचे उगीच हाय खातात. ते पैसे मणक्याच्या एमआरआयला ठेवा, औषध टोचून केलेल्या, आणि जमल्यास ऑपरेशनच्या आधी. ऑपरेशननंतर आठवडाभरात केला तर खाली उतरलेलं रक्त गाठीसारखं दिसतं आणि मग तीन डॉक्टर तीन मतं देतात.

राहिला सीए १९-९. तो मुळात स्वादुपिंड आणि पित्तमार्गाच्या कॅन्सरमध्ये इलाज कसा चाललाय हे बघायचा मार्कर. पित्ताचे खडे, कावीळ, स्वादुपिंडाची सूज, नीट न सांभाळलेली शुगर, कशानंही तो चढतो. १७ वर्षांच्या मुलात ४६ म्हणजे काही नाही. पोटात दुखत नसेल, डोळे पिवळे नसतील, तर सोडून द्या. मनाला खातच असेल तर एक सोनोग्राफी करा आणि विषय संपवा. पॅकेजमध्ये येणारे इतरही असेच. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यात वाढलेला असतो. सीए १२५ पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, आणि आपल्याकडे पोटाच्या टीबीत तर शेकड्यांत जातो. त्या आकड्यावरून ओव्हरीचा कॅन्सर ठरवून रडणारी घरं मी पाहिली आहेत. मेंदूच्या साध्या गाठी या यादीतलं सहसा काही रक्तात सोडत नाहीत. 'ब्रेन ट्यूमर मार्कर पॅनल' असं लिहिलेलं पॅकेज दिसलं तर ते लॅबच्या विक्री विभागानं लिहिलंय असं समजा.

मेंदूतल्या इतर दुर्मिळ साध्या गाठींबद्दलही याच निमित्तानं सांगतो, कारण असे प्रश्न महिन्यातून दोन-चार येतातच.

रक्ताच्या तपासणीचा खरा उपयोग होतो तो पिट्युटरीजवळच्या गाठींत, आणि तिथे मार्कर म्हणजे हॉर्मोन. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हॉर्मोन, २५० नॅनोग्रॅमच्या वर आणि एमआरआयमध्ये गाठ, तर ती प्रोलॅक्टिनोमा असण्याची दाट शक्यता, आणि मग चाकूची गरज सहसा पडत नाही. कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून दोनदा, आणि गाठ डोळ्यांदेखत आक्रसते. पण गाठ मोठी असून प्रोलॅक्टिन ६०-८० च्या घरात असेल, तर ती गाठ बहुधा प्रोलॅक्टिन बनवतच नाही. ती पिट्युटरीच्या देठावर दाबतेय, त्यामुळे मेंदूकडून येणारा लगाम सुटलाय. क्रॅनिओफॅरिंजिओमात, म्हणजे त्या देठाजवळ होणाऱ्या एका साध्या गाठीत, हे नेहमी दिसतं. अशा पेशंटला वर्षभर कॅबरगोलिन देत बसलं की आकडा झकास नॉर्मल होतो, गाठ वाढत राहते आणि नजर जाते.

याच्या उलटही होतं. चार सेंटिमीटरची अवाढव्य गाठ आणि प्रोलॅक्टिन १२०. इथे शंका घ्यायची की रक्तात प्रोलॅक्टिन इतकं प्रचंड आहे की तपासणीची रसायनंच अपुरी पडली आणि मशीननं खोटा कमी आकडा दाखवला. लॅबला फोन करून 'सॅम्पल शंभर पट पातळ करून पुन्हा लावा' असं सांगितलं की १२० चे काही हजार होतात. नुसत्या एका फोननं मोठं ऑपरेशन टळू शकतं. मोठ्या गाठीत प्रोलॅक्टिन मधल्याच घरात आलं, तर आपणहून विचारायला हरकत नाही: पातळ करून बघितलंत का?

आणि हे करण्याआधी घरातला औषधांचा डबा उघडा. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलसोबत डोमपेरिडोन असतं, रॅबेप्राझोलसोबत लेव्होसल्पिराइड असतं. आपल्याकडे लोक ती महिनोनमहिने चहाआधी घेतात, डॉक्टरला सांगताना 'औषध काही चालू नाही' म्हणतात. दोन्हींनी प्रोलॅक्टिन चढतं, लेव्होसल्पिराइडनं तर शंभराच्या वरही. केस गळतात म्हणून घेतलेलं बायोटिन हा दुसरा चोर. त्याच्या मोठ्या डोसनं काही मशीनवर प्रोलॅक्टिन, एचसीजी, एएफपी खोटे कमी येतात आणि थायरॉइडचे काही आकडे खोटे जास्त. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. मानसिक आजाराची औषधं मात्र स्वतःच्या मनानं अजिबात बंद करू नका, त्या डॉक्टरांना विचारा.

पिट्युटरीच्या वरच्या भागात गाठ असलेल्या मुलाला सारखी तहान लागत असेल, रात्रीतून चार-पाचदा लघवीला उठावं लागत असेल, तर तिथेही एएफपी आणि एचसीजी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. जर्मिनोमा तिथे याच वाटेनं सुरू होतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अचानक मिसरूड फुटलं, आवाज फुटला, तरीही. एचसीजी मुलग्यांच्या वृषणाला चेतवतो, त्यामुळे ते वयाआधी वयात येतात. तान्ह्या बाळात मात्र एएफपीनं फसू नका. जन्मतः तो हजारोंत असतो आणि मोठ्यांच्या पातळीला यायला वर्षाच्या आसपास वेळ लागतो. चार महिन्यांच्या बाळाचा रिपोर्ट मोठ्यांच्या नॉर्मलशी ताडून लाल अक्षरात छापला जातो आणि आईबाप हादरतात.

हेमँजिओब्लास्टोमा ही मला आवडणारी, म्हणजे डॉक्टर म्हणून आवडणारी, साधी गाठ आहे. बहुतेक वेळा लहान मेंदूत असते, रक्तवाहिन्यांनी खच्चून भरलेली. हिला पाठ्यपुस्तकी मार्कर नाही. पण काही गाठी एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारं हॉर्मोन, बनवतात आणि पेशंटचं हिमोग्लोबिन १८-१९ वर जातं. असे पेशंट कधी कधी आधी रक्ताच्या डॉक्टरांकडे फिरतात, रक्त काढून घेतात, आणि चालताना तोल जायला लागल्यावर आमच्याकडे येतात. गाठ निघाली की हिमोग्लोबिन आपोआप खाली येतं, आणि पुन्हा चढायला लागलं तर एमआरआय करायचा. साध्या सीबीसीला मार्कर म्हणायला मला इथे काही अडचण वाटत नाही. हिच्या बाबतीत आणखी एक: व्हीएचएल नावाच्या जनुकाचा दोष असू शकतो. म्हणून डोळ्याचा पडदा, किडन्या आणि त्यांच्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी तपासायच्या, आणि ॲड्रिनलसाठी मेटानेफ्रिनची तपासणी ऑपरेशनच्या आधी. ॲड्रिनलमध्ये लपलेली गाठ असेल आणि माहीत नसेल, तर भूल देताना बीपी कुठल्या कुठे जातं. तरुण वयात अशी गाठ, किंवा एकापेक्षा जास्त गाठी असतील, तर भावंडांनाही तपासा.

बाकीच्या बहुतेक साध्या गाठींना रक्तात काहीच नाही. एपिडर्मॉइड, कोलॉइड सिस्ट, सेंट्रल न्यूरोसायटोमा, कोरॉइड प्लेक्सस पॅपिलोमा, डीएनईटी. यांच्यासाठी बोटाला सुईसुद्धा टोचू नका. एपिडर्मॉइडची ओळख एमआरआयच्या डिफ्यूजन फिल्मवर पटते: बाकी सगळीकडे ती पाण्यासारखी दिसते, त्या एका फिल्मवर पांढरीशुभ्र चमकते, शेजारची खरी पाण्याची गाठ काळीच राहते. कोलॉइड सिस्ट तर सीटीवरसुद्धा कळते, जागेवरूनच. ती साधी असूनही दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांच्या तोंडावर बसलेली असते, म्हणून एक सेंटिमीटरच्या पुढची असेल तर मी ती फार दिवस नुसती बघत बसत नाही. पिनियलमधला छोटा सिस्ट मात्र, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये सापडलेला, भिंत पातळ, पाणी तुंबलेलं नाही, तर तो बहुतेकांना आयुष्यभर काही करत नाही. त्याला मार्करही नकोत.

गाठ हातात आली की खरे मार्कर सुरू होतात, स्लाइडवरचे. इथे घरच्यांची सगळ्यांत जास्त गफलत केआय-६७ वरून होते. रिपोर्टमध्ये 'केआय-६७: २%' लिहिलेलं असतं आणि मामा-काका विचारतात, "डॉक्टर, म्हणजे दोन टक्के कॅन्सर आहे का?" नाही. गाठीतल्या शंभर पेशींपैकी साधारण दोन त्या घटकेला विभाजनाच्या चक्रात होत्या, इतकाच त्याचा अर्थ. सौम्य मेनिंजिओमात, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या गाठीत, तो चार-पाचच्या खालीच असतो. आणि हा आकडा डोळ्यांनी मोजलेला असतो. एकाच स्लाइडवर एक पॅथॉलॉजिस्ट ३ म्हणेल, दुसरा ५. त्या फरकावरून रेडिएशन द्यायचं की नाही हे कुणी ठरवत असेल तर दुसरं मत घ्या.

काही डाग (स्लाइडवर रसायन लावून उमटवलेले रंग) मात्र निर्णय फिरवतात. एमआरआयवर हुबेहूब मेनिंजिओमा दिसणारी गाठ, पण पेशींच्या केंद्रकात स्टॅट-६ चा डाग उमटला, तर ती सॉलिटरी फायब्रस ट्यूमर. ती दहा वर्षांनीही फुफ्फुसात किंवा हाडात उगवू शकते, त्यामुळे पाठपुरावा कधी थांबवायचा नाही. हेमँजिओब्लास्टोमा आणि किडनीच्या कॅन्सरची मेंदूत आलेली गाठ स्लाइडवर सख्ख्या बहिणी दिसतात. इन्हिबिनचा डाग पहिलीच्या बाजूनं, पॅक्स-८ दुसरीच्या. मेनिंजिओमात टर्ट जनुकाच्या प्रमोटरमध्ये बदल किंवा सीडीकेएन-२ए/बी हे जनुक पूर्ण गळालेलं सापडलं, तर २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ती थेट ग्रेड ३, म्हणजे सगळ्यांत आक्रमक, पेशी कितीही सोज्वळ दिसोत.

क्रॅनिओफॅरिंजिओमात गेल्या दशकात जे झालं ते मात्र मला अजून नवलाचं वाटतं. लहान मुलांत होणारा प्रकार वेगळा: त्यात कॅल्शियमचे खडे असतात, सिस्टमध्ये इंजिन ऑइलसारखं काळपट चकाकणारं पाणी असतं, आणि बीटा कॅटेनिनचा डाग केंद्रकात सापडतो. मोठ्यांत होणाऱ्या पॅपिलरी प्रकारात मात्र बहुतेक गाठींत ब्राफ जनुकातला व्ही६००ई हा एकच बदल असतो, हे २०१४ मध्ये कळलं. मेलॅनोमासाठी (त्वचेच्या एका कॅन्सरसाठी) आधीच निघालेल्या गोळ्या मग इथे वापरून बघितल्या, आणि २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात १६ पैकी १५ पेशंटच्या गाठी चांगल्याच लहान झाल्या. ज्या गाठीसाठी आम्ही डोळ्यांच्या नसा आणि हायपोथॅलॅमस सोलत बसायचो, तिचा तुकडा घेऊन ब्राफ तपासणं आता आधी होतं. इथेही रक्तात काही नव्हतं, तुकड्यात होतं.

परत भाच्याकडे. तुकडा छोटा असतो, गाठ मिश्र असू शकते, आणि इथे रक्ताचे आणि पाण्याचे मार्कर पुन्हा कामाला येतात. समजा तुकड्यात फक्त मॅच्युअर टेराटोमा आला, पण पाण्यातला एएफपी वाढलेला निघाला. स्लाइड म्हणते साधी, एएफपी म्हणतो नाही. अशा वेळी एएफपीवर विश्वास ठेवायचा. सुईच्या टोकाला जे लागलं नाही ते गाठीत दुसरीकडे आहे. आणि मार्कर नॉर्मल असून स्लाइडवर जर्मिनोमा आला, ऑक्ट-४ आणि सी-किटचे डाग पडले, तर स्लाइड खरी. दोघांपैकी जो वाईट बातमी देतो त्याचं ऐकायचं, या घराण्यात तरी.

आणखी एक प्रसंग लक्षात ठेवा, कारण तो आला की घरचे खचतात. मिश्र गाठीला केमो सुरू आहे, दर खेपेला एएफपी उतरतोय, सगळे खूश, आणि एमआरआयमध्ये गाठ मोठी झालेली दिसते. इलाज फसला असं वाटतं. पुष्कळदा होतं असं की आक्रमक भाग मेला आणि आत असलेला साधा टेराटोमा, ज्याला केमो कळतच नाही, तो वाढतोय. त्याला औषध बदलून उपयोग नाही, तो काढावा लागतो. एएफपीचं अर्धं प्रमाण पाच ते सात दिवसांत उतरायला हवं, एचसीजीचं दीड दिवसाच्या आत; तो वेग बरोबर असेल आणि गाठ तरी वाढत असेल, तर सर्जनकडे लवकर परत जा. यासाठी तपासण्या दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. एएफपी काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये, आणि आकडे सारखे नसतात; आकड्याशेजारचं युनिट वाचल्याशिवाय जुना-नवा रिपोर्ट शेजारी ठेवू नका.

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन बसतं; ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड, आधार घेऊन जा, नंतर धावपळ होते. निदान कॅन्सरचं निघालं आणि केमो ठरली, तर ती सुरू होण्याआधी मुलाचं वीर्य साठवून ठेवायचं विचारा. १७ वर्षांच्या मुलासमोर हा विषय काढायला घरात कुणी तयार नसतं, डॉक्टरही गडबडीत विसरतात, आणि केमोनंतर विचारून उपयोग नसतो. रेडिएशनची वेळ आली तर मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा मुलांच्या मेंदूच्या गाठींचा विभाग आणि त्यांच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रातली प्रोटॉन रेडिएशनची सोय, दोन्हींबद्दल मत घ्या. वाढत्या वयात शेजारचा मेंदू जितका वाचेल तितका बरा.

आणि तुकडा काढला की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टबरोबर पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडाच. नुसता कागद घेऊन मुंबईला गेलात तर तिथे पहिलं वाक्य ऐकाल, "ब्लॉक आणलाय का?", आणि एसटीनं परत सांगलीला यावं लागेल. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. एमआरआयच्या फिल्मसोबत सीडीही घ्या आणि ती उघडते का ते घरच्या कॉम्प्युटरवर बघून ठेवा.